उजव्या फळीचा रंग

आबांनी लावलेला रंग निघाला, असं एका दाराचं सोडलं तर त्यांच्या उभ्या हयातीत कुणी म्हणालं नव्हतं. आबा म्हणजे माझे वडील. साखर कारखान्यावर रंगाऱ्यांच्या टोळीत होते. गोदामांचे पत्रे, टाक्या, शिड्या, उन्हापावसात उघडं पडलेलं जे काही असेल ते रंगवायचं, हे त्यांचं काम. सुट्टीला सायकल मारत केडगावच्या पुढच्या आमच्या वस्तीवर यायचे, तेव्हा अंगाला टर्पेंटाइनचा वास. आम्हा बहिणींना तो वास आला की कळायचं, आता दोन दिवस आवाज खाली ठेवायचा. माणूस वाईट नव्हता, पण कामात कुणी हयगय केलेली त्यांना खपायची नाही. भाकरी वाकडी झाली तरी म्हणायचे, घाई केलीस.

अक्काचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी घराला नवं दार करून घेतलं. जुनं खालून कुजलं होतं, कुत्रं आत यायचं. व्याह्यांच्या देखत ताटात कुत्र्यानं तोंड घालायला नको, एवढाच विचार. लाकडी चौकट, दोन फळ्या, आणि दोन्हींवर ठोकलेला जस्त चढवलेला पांढरा सपाट पत्रा. असा चकाकायचा मेला, की सकाळी अंगणात उभं राहिलं तर डोळे दिपायचे.

आई मागं लागली, "लग्नाचं घर हाय. दाराला रंग द्या. लोक म्हणतील, रंगाऱ्याचं घर आन् दार उघडंनागडं."

"नव्या पत्र्यावर रंग बसत न्हाई," आबा म्हणाले. "आज लावला का पावसाळ्यात पापुद्रे. त्याला पडू दे उन्हात दोन सालं. चमक मरू दे. पत्रा मुरला का मग बघू."

"म्हंजी लगीन दोन सालं थांबवू का?"

"लगीन कर. दार थांबंल."

त्यांच्यापुढं कुणाचं चाललंय? दार तसंच राहिलं. अक्काचं लग्न त्या कोऱ्या पत्र्यापुढं झालं, बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या सालच्या वैशाखात.

आमच्या भावकीत एक रीत होती. लेक सासरी निघाली की उरलेली हळद तळहातांना फासायची आणि माहेरच्या दारावर दोन्ही पंजे उमटवायचे. त्याला आमच्याकडं 'हात ठेवून जाणं' म्हणत. हळद करडईच्या तेलात कालवलेली असायची. दाराची उजवी फळी खालच्या कडीनं कायम बंद, तिच्यावर अक्कानं हात ठेवले. दोन पिवळेधमक पंजे, एकेक बोट सुटं. अक्काची बोटं लांब होती. माझी आखूड, जाड. ती कायम चिडवायची मला. त्या दिवशीही रडता रडता वळून म्हणाली, "तुझे लावशील तवा माझ्या शेजारी लाव गं. न्हाईतर लोकांना वाटंल, दारावर ढेकळं मारलीत कुणी." सगळ्या बाया रडत होत्या आणि आम्ही दोघी हसत होतो. तिला जामखेडच्या बाजूला दिलं होतं. बैलगाडीनं फाट्यापर्यंत गेली, पुढं यष्टीनं.

लग्नात फोटोवाला सांगितला होता. नगरहून यायचा होता, आलाच नाही. त्या वेळी कुणाला काही वाटलं नाही.

पुढं दुष्काळ पडला. त्याचं मी काय सांगू, ज्यांनी रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी खाल्ल्यात त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही खाल्ल्या त्यांना कळायचं नाही. दाराची चमक मात्र आबा म्हणाले तशी मेली. पत्रा आधी करडा झाला, मग त्याच्यावर पांढरी भुकटी धरली. बोट फिरवलं की पीठ लागल्यासारखं लागायचं. फक्त पंजे होते तिथं भुकटी धरली नाही. हळदीचा पिवळेपणा उन्हानं कधीच खाल्ला, पण तेल राहिलं. ते सुकून चिकट झालं, त्याच्यावर धूळ बसली आणि पंजे काळपट होऊन पत्र्यावर तसेच राहिले.

अक्का बाळंतपणाला आली त्या दिवसांत. मुलगी झाली. दारापाशी पाय पसरून बसायची आणि पोरीला पायांवर घेऊन तेल चोळायची. एकदा उठली, पत्र्यावरच्या पंजावर स्वतःचा हात ठेवला आणि म्हणाली, "अजून बसतो गं! मला वाटलं, सासरी राबून राबून माझी बोटं पन तुझ्यावानी झाली." मी तिच्या पाठीत धपाटा घातला. तेवढं एक मला अगदी काल झाल्यासारखं आठवतं, तिची पाठ किती वाळली होती ते.

पोरीला घेऊन ती परत गेली आणि थंडी सरता सरता तिकडून निरोप आला, ताप आहे, या. पाणी वाईट होतं त्या साली, तापानं गावंच्या गावं पडली होती. आबा कारखान्यावरून परस्पर निघाले, मी आणि आई यष्टीनं. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात माणसं खाली माना घालून बसली होती. आबा एका कडेला उभे होते. त्यांनी आईकडं बघितलं आणि नुसती मान हलवली. आईनं तिथंच, वाटेवरच, फतकल मारली.

एवढंच. माझी अक्का गेली. पत्रा मुरायला लागले तेवढेच दिवस तिचा संसार.

घरी आल्यावर आई त्या दाराची झाली. तिला दुसरं काही उरलंच नव्हतं. फोटो नाही, लुगडं तिकडंच राहिलेलं, अंगावरचं किडूकमिडूक सासरच्यांनी ठेवून घेतलेलं. दारावरचे दोन पंजे तेवढे होते. संध्याकाळी दिवा लावला की कोनाड्यात ठेवायची आणि मग पंजावर हात ठेवून उभी राहायची. बोलायची नाही, रडायची नाही. कुणी दाराला टेकलं तर मात्र वाघिणीसारखी अंगावर जायची. शेजारची एक म्हातारी चुकून टेकली, तर तिला म्हणाली, "सरका, ती गुदमरंल." म्हातारी परत आमच्या अंगणात आली नाही.

मग अक्काची सासू आणि सासरे आले. पोरीला घेऊन आले. काय म्हणणार ते सगळ्यांना ठाऊक होतं, तरी चहा होईपर्यंत पावसापाण्याचं बोलले. शेवटी सासू म्हणाली, "इहीणबाई, लेकराला आई पायजे. बाहेरची आनली तर ती का जीव लावनारे? घरचीच द्या."

घरचीच म्हणजे मी. ज्यांना मी दाजी म्हणायचे, ज्यांच्या लग्नात बूट लपवले, त्यांची बायको व्हायचं. मला असा राग आला, सांगते! बहिणीची राख अजून गरम आणि मी काय भांड्यातली उरलेली आमटी होते, की पुढच्या पंगतीला वाढा? आबा म्हणाले, "पोरीला इच्यारतो. ती म्हनंल तसं." तेवढं मात्र त्यांनी केलं, नाही म्हणणार नाही. मी नाही म्हणायला म्हणून बाहेर आले. सासूनं पोर माझ्याकडं दिली, नुसतं धरायला. पोरीनं माझी बट मुठीत पकडली. सोडवायला गेले तर आणखी घट्ट. वाळून काटकी झाली होती, डोक्याला तेल नाही, आणि मुठीत एवढी ताकद. मी म्हणाले, "व्हय." दुसरं काय म्हणणार होते?

लग्न वर्षाच्या आत, त्याच वैशाखात धरलं. निघताना सासूचं लक्ष दाराकडं गेलं. ती थबकली.

"हे तिचेच ना?" म्हणाली. "पुसून घ्या. गेलेल्या बाईची हळद दारावर आन् हिला हळद लावायची, हे बरं न्हाई. माझ्या घरात परत इपरीत नको."

आई जागची उठली. "पुसा म्हनं! आधी मला पुसा ह्या घरातनं, मग ते पुसा."

मी आबांकडं बघत होते. मला वाटलं होतं, एवढा तापट माणूस, आता विहिणीला चार शब्द सुनावतील. आबा शांतपणे म्हणाले, "दाराला रंग द्यायचाच हुता. पत्रा मुरलाय आता."

आईनं त्यांच्याशी बोलणं सोडलं. भाकर वाढायची ती भिंतीकडं बघत.

सुट्टी काढून आले आबा, डबे घेऊन. आम्हाला भाऊ नाही, म्हणून हाताखाली मी. स्वतःच्या लग्नासाठी स्वतःच दार घासत होते. म्हणाले, "डावी फळी तू धर. उजवी मी."

त्यांच्या हाताखाली काम करणं म्हणजे सत्त्वपरीक्षा. आधी काचकागदानं घासून पांढरी भुकटी काढायची. खिळ्यांच्या भोवती तांबारलं होतं, तिथं तारेचा ब्रश. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून काथ्यानं चोळायचं, मग साध्या पाण्यानं धुवायचं. पाणी तर सोन्यासारखं झालेलं, टेकडीखालच्या विहिरीवरनं एकेक हंडा आणायचा. मला वाटायचं, झालं आता. आबा यायचे, पांढरं फडकं फळीवरनं ओढायचे आणि मला दाखवायचे. फडकं मळलं.

"परत."

"आबा, दार हाय का देवाचं ताट? किती घासायचं?"

"तेलाचा एक थेंब राहिला तरी रंग धरत न्हाई. बोट लागलं तरी तिथनं निघतो. हाताला घाम अस्तो. परत घास. आन् बोट लावू नको म्हनलं ना!"

परत घासली. हाताची सालं निघाली. आई गोठ्यात शेळ्यांपाशी जाऊन बसली होती, दाराकडं पाठ करून. आबा त्यांच्या फळीपाशी, माझ्याकडं पाठ करून. कुणाचंच तोंड कुणाला दिसत नव्हतं. एकदाचं माझ्या फळीवरचं फडकं पांढरं राहिलं. आबा नुसतं "हं" म्हणाले, आणि तेवढ्यावर मी खूश, मूर्खासारखी.

दार पूर्वेकडचं. दुपार कलली की पत्रा निवायचा. तापलेल्या पत्र्यावर रंग लावला तर फोड येतात, म्हणून आबा थांबले होते. ऊन गेल्यावर मला म्हणाले, "आजून एक हंडा लागंल. विहिरीवर जा."

मी गेले. विहिरीवर ही रांग. एकीनं माझ्या लग्नावरनं टोमणा मारला, तिला उलट ऐकवलं, त्यात वेळ गेला. हंडा डोक्यावर घेऊन अंगणात आले आणि तशीच उभी राहिले. उजवी फळी पिवळी झाली होती. वरपासून खालपर्यंत, सगळी. कारखान्यात पांढऱ्या पत्र्याला आधी पिवळं अस्तर लावतात, ते. पंजे नव्हते. जशी काही अख्ख्या फळीलाच कुणी हळद लावली होती.

घमेल्यात सोड्याचं पाणी मी जाताना होतं तेवढंच होतं.

"मग मला पानी कशाला आनाया धाडलं?" मी हंडा आपटला. अर्धं पाणी सांडलं. "दुष्काळात! आन् येवढी कसली घाई हुती? मी यायच्या आत? मला तरी एकदा हात लावू द्यायचा तिला!"

आबा कुंचला निथळत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "अस्तर वलं हाय. लांब राहा."

मी रडले, ओरडले, बापाला बोलू नये ते बोलले. त्यांनी माझ्या फळीलाही अस्तर दिलं, एका सरळ रेषेत, एक ओघळ नाही.

संध्याकाळी आई गोठ्यातनं आली. दिवा लावला, कोनाड्यात ठेवला आणि सवयीनं तिचा हात पत्र्याकडं गेला. मधेच थांबला. बराच वेळ तसा हवेतच राहिला.

"आता कुठं ठिवू हात?" ती म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे. आबा उठून सायकलीला वंगण घालायला लागले. अंधारात काय दिसत होतं त्यांना, देव जाणे.

अस्तरावर हिरव्या तेलाच्या रंगाचा एक हात दिला, त्यावर आणखी एक. दार असं झालं की लोक बघायला आले. लग्न झालं. निघताना रीतीप्रमाणं बायांनी माझ्या हातांना हळद फासली आणि मला दारापाशी नेलं. आई मधे आली. माझी दोन्ही मनगटं धरली आणि स्वतःच्या पदराला माझे हात पुसले.

"हिनं न्हाई ठिवायचे," म्हणाली. "हिचे हात हिच्यापाशी राहू द्या."

सासरी जे झालं ते सगळ्यांचं होतं तसंच झालं. माणूस चांगला होता. कधी कधी झोपेत अक्काचं नाव घ्यायचा, मी जागी असले तरी झोपल्याचं दाखवायचे. पोर मला चिकटली. पहिल्यांदा 'आई' म्हणाली तेव्हा मी चुलीपाशी होते. मागं वळून बघितलं, कोण आलं म्हणून.

पहिल्या दिवाळीला माहेरी आले, दार आरशासारखं. दुसऱ्या दिवाळीला आले तर फाट्यावरच आबांच्या टोळीतला एकजण भेटला. हसून म्हणाला, "बघ जा तुझ्या बापाचं काम! अख्खा कारखाना रंगवला, आन् घरच्या दाराला पापुद्रे! आमी सगळ्यांनी लई चिडवलं. म्हनतो, वय झालं, हात चालत न्हाई."

मला खरं वाटेना. मरतील, पण आबा असं म्हणणार नाहीत. मनात म्हटलं, बरं झालं, मला किती घासायला लावलं होतं! आज मी पण ऐकवते. पोरीला कडेवर घेऊन अंगणात शिरले ती बोलतच शिरले, "आबा, माझी फळी बघा, आन् तुमची..."



माझ्या फळीवर एक टवका नव्हता. उजव्या फळीवर रंग दोनच ठिकाणी निघाला होता. पाच बोटं आणि तळवा. पाच बोटं आणि तळवा. हिरव्या रंगात अक्काचे दोन्ही हात, जिथं होते तिथंच. मी जवळ गेले. प्रत्येक बोटाच्या कडेपर्यंत रंग घट्ट होता, नख घालून उचकटत नव्हता. म्हणजे तिथपर्यंत काचकागद फिरला होता, सोडा फिरला होता. बोटांच्या मधल्या बारीक फटीसुद्धा घासल्या होत्या. पंजे तेवढे सोडले होते. तेलाचा एक थेंब राहिला तर रंग धरत नाही म्हणणाऱ्या माणसानं तेवढं तेल जपून ठेवून वरनं रंग दिला होता.

आई दिव्याची वात वळत उंबऱ्यात बसली होती. बारीक झाली होती, पण तोंडावर काहीतरी परत आलं होतं.

"कवापासनं?" मी विचारलं.

"श्रावणात," आई म्हणाली. "पयल्यांदा करंगळी आली. मंग रोज थोडी थोडी येत गेली." आणि मान वळवून, पदर सावरत, ओट्यावर बसलेल्या आबांना म्हणाली, "अवो, पोरी आल्यात. च्याला दूध हाय का बघा."

आबा उठले नाहीत. मी त्यांच्याकडं बघितलं, ते सायकलीकडं बघत होते. मला अजून राग आहे त्यांचा. सांगायचं होतं ना एका शब्दानं! आई दीड वर्ष भिंतीकडं बघत जेवली. कळलं असतं तर ती बोलून बसली असती, विहिणीच्या कानावर गेलं असतं, लग्न मोडलं असतं, पोर तिकडं वाळून गेली असती, हे सगळं मला कळतं. तरी राग आहे. एकट्यानं एवढं कशाला पोटात ठेवायचं माणसानं?

पोर कडेवरनं खाली उतरली. दाराजवळ जाऊन पंजाच्या एकेका बोटात आपलं बोट घालून बघायला लागली.

"हा कुनाचा हात?"

ओट्यावरनं आबांचा आवाज आला.

"तुझ्या आईचा हाय, बाळा."

पोर वळली आणि हसली. आई म्हणजे मीच की तिची. तिनं माझं मनगट धरलं, ओढत दारापाशी नेलं, माझा हात उचलून पत्र्यावरच्या पंजात ठेवला आणि एकेक बोट जागेवर बसवायला लागली. पत्रा गार होता. माझी बोटं अक्काच्या बोटांच्या निम्म्यातच संपली. पोरीनं परत परत दाबून बघितलं, मग माझ्या तोंडाकडं बघितलं.

"न्हाई बसत," ती म्हणाली.

"न्हाई गं," मी म्हणाले. "न्हाई बसत."